किल्ल्यावरचा डायनासोर

गेल्या दिवाळीत पुतणीकडे गेलो होतो. सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत मुलांनी किल्ला केला होता. विटा, दगड, त्यांवर पोती, पोत्यांवर लिंपलेली माती, उतारावर उगवून आलेले हळीव, माथ्यावर सिंहासनावर महाराज आणि पायथ्याशी मावळे, गवळण, विहीर. सगळे यथासांग होते. फक्त महादरवाजापाशी, भालेवाल्या मावळ्यांच्या मधोमध, त्यांच्याहून दुप्पट उंच असा एक हिरवा प्लास्टिकचा प्राणी उभा होता. पाठीवर शिडासारखा पंखा.

“हा कुठल्या स्वारीतला?” मी विचारले.

“पहारेकरी आहे, आजोबा,” पुतणीचा मुलगा म्हणाला. वय वर्षे सात. मग जरा थांबून म्हणाला, “पण तो डायनासोर नाहीये. डिमेट्रोडॉन आहे. डायनासोर यायच्या आधीच संपला तो. त्यांनी पुडीवर उगाच डायनासोर लिहिलंय.”

पुडी कसली, ते नंतर पुतणीने सांगितले. आंब्याच्या स्वादाचे एक पेय मिळते, नळी खुपसून प्यायची छोटी कागदी पेटी असते ना, त्यातले. त्या पेटीला एक चंदेरी पुडी चिकटवलेली आणि पुडीत एक डायनासोर, फुकट. एकूण प्रकार बारा. आत कोणता आहे ते बाहेरून कळत नाही. पोराकडे दहा जमले होते. दोन राहिले होते, आणि त्यांतला एक टायरानोसॉरस होता. “किती पेट्या झाल्या?” मी विचारले. पुतणी हसली आणि म्हणाली, “काका, मोजायचं सोडून दिलंय.”

माझी नोकरी हिशेबनीसाची. जीवाश्मांचे किंवा आहारशास्त्राचे शिक्षण मी घेतलेले नाही. जे काही थोडे कळते ते ग्रंथालयात बसून आणि तज्ज्ञांना पत्रे लिहून मिळवलेले. पण मोजायचे सोडून दिले, हे वाक्य हिशेबनीसाला स्वस्थ बसू देत नाही. त्या रात्री फराळाच्या ताटाशेजारी मी कागद घेऊन बसलो.

बारा प्रकार आहेत आणि बाजारात सगळे सारख्याच संख्येने सोडले आहेत, असे धरू. पहिली पेटी कधीच वाया जात नाही. पुढे पुढे मात्र आधीच घरात असलेला प्राणी पुन्हा निघू लागतो. शेवटचा एकच राहिला, की तो निघण्याची शक्यता बारांत एक, म्हणजे त्या एकासाठी सरासरी बारा पेट्या. शेवटून दुसऱ्यासाठी सहा, तिसऱ्यासाठी चार. अशी बेरीज करत गेले की पूर्ण संचासाठी सरासरी ३७ पेट्या लागतात. ही सरासरी झाली. नशीब वाईट असेल तर पन्नासही लागतील. पेटी १६० मिलिलिटरची, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेले की १०० मिलिलिटरमध्ये साखर १३ ग्रॅम. म्हणजे एका पेटीत जवळपास २१ ग्रॅम आणि ३७ पेट्यांत पाऊण किलोहून जास्त. बारा प्लास्टिकच्या प्राण्यांचा भाव हा असा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की अन्नात वरून घातलेली आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत राहिली तर उत्तम. सात वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० किलोकॅलरी लागतात असे धरले, तर ही मर्यादा अनुक्रमे ४२ आणि २१ ग्रॅमच्या आसपास येते. एका पेटीत खालची मर्यादा गाठली जाते, दोन पेट्यांत वरची. बिस्किटे, जॅम, दुधात घालायची पावडर हे सारे अजून मोजलेलेच नाही.

पण मला खरे कोडे पडले ते साखरेचे नाही. ज्या मुलाला डिमेट्रोडॉन हा डायनासोर नव्हे हे ठाऊक आहे, जो पुडीवरची चूक दाखवून देतो, तोच मुलगा पुडीसाठी आईशी भांडतो. त्याचे हे ज्ञान या व्यवहारात त्याच्या बाजूने उभे राहते, की कंपनीच्या? या प्रश्नाने मला पुढचे आठ-दहा महिने पुरेसे काम दिले.

*

लहान मुलांना डायनासोर का आवडतात, याचे सोपे उत्तर सगळ्यांना माहीत असते. मोठे, हिंस्र आणि आता कुठेच नसलेले. भीती वाटते, पण धोका नाही. स्टीफन जे गूल्ड या जीवाश्मतज्ज्ञाने १९९३ साली डायनासोरच्या वेडावर जो लेख लिहिला, त्यात त्याने आपल्या मानसशास्त्रज्ञ मित्राच्या तोंडचे असेच उत्तर दिले आहे. पण गूल्डचे स्वतःचे त्यावर समाधान झालेले दिसत नाही. त्याचा मुद्दा असा, की मुले पूर्वीही हीच होती आणि डायनासोरही हेच होते. त्याच्या लहानपणी मात्र हे वेड इतके पसरलेले नव्हते. मग मध्ये काय बदलले? बाजार.

दुसरे एक संशोधन मला याहून महत्त्वाचे वाटले. मिशलीन ची आणि रँडी कोस्के या दोघींनी १९८३ साली साडेचार वर्षांच्या एका मुलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच मुलाचा. त्याला चाळीस डायनासोर ठाऊक होते. त्यांतले वीस चांगले माहीत, वीस जेमतेम. या दोघींनी त्याच्या उत्तरांवरून त्याच्या डोक्यातल्या डायनासोरांचा नकाशा काढला. जे चांगले माहीत होते ते सुटे सुटे नव्हते. काय खातो, स्वतःला कसा वाचवतो, कोणासारखा दिसतो अशा धाग्यांनी ते एकमेकांना आणि आपापल्या गटाला बांधलेले होते. कमी माहीत असलेले सैल पडलेले होते, आणि वर्षभराने त्यांतलेच जास्त विसरले गेले.

मला हे वाचून आमच्या शाळेतले वर्गीकरणाचे धडे आठवले. ते कुणालाच आवडत नसत. इथे एक साडेचार वर्षांचे पोर, ज्याला धड लिहिता येत नाही, ते आपण होऊन वर्गीकरणशास्त्र उभे करते. नावे अवघड, ग्रीक-लॅटिन, मोठ्यांची जीभ अडखळते. घरात पहिल्यांदाच असे काहीतरी असते जे आई-बाबांपेक्षा आपल्याला जास्त कळते. डायनासोरचे वेड हे बहुधा मुलाच्या आयुष्यातले पहिले संशोधन असते. आणि संशोधकाची जी एक खोड असते, की एक जरी नमुना राहिला तरी झोप लागत नाही, ती त्यालाही असते.

ही खोड बाजाराला फार लवकर कळली.

*

तिचा पहिला मोठा वापर शीतपेयवाल्यांनी केला नाही, पेट्रोलवाल्यांनी केला. सिंक्लेअर ही अमेरिकन तेल कंपनी. १९३० साली तिने जाहिरातीत डायनासोर आणले. सांगायचे होते ते इतकेच, की आमचे वंगणतेल ज्या कच्च्या तेलापासून होते ते फार जुने, डायनासोरांच्याही काळातले, आणि जुने म्हणजे उत्तम. अनेक प्राणी वापरून पाहिले, त्यांतला लांब मानेचा सौम्य ब्राँटोसॉरस लोकांना आवडला, आणि तो कंपनीचे चिन्ह होऊन बसला. पेट्रोल म्हणजे डायनासोरांचा अर्क, ही समजूत आजही शिकल्यासवरल्या माणसांत आढळते. ती पसरण्यात या हिरव्या प्राण्याचा वाटा मोठा असणार. प्रत्यक्षात खनिज तेल झाले आहे ते मुख्यतः प्राचीन समुद्रांतल्या सूक्ष्म जीवांपासून.

सिंक्लेअरची गोष्ट एवढ्यावर संपली असती तर ती नेहमीची जाहिरात ठरली असती. पण कंपनीने बार्नम ब्राऊनला हाताशी धरले. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचा हा नामांकित जीवाश्मशोधक. टायरानोसॉरसचा पहिला महत्त्वाचा सांगाडा १९०२ साली मोंटानात त्यालाच सापडला होता. वायोमिंगमधल्या त्याच्या १९३४ सालच्या उत्खननाला सिंक्लेअरने पैसा दिला, आणि ब्राऊनने कंपनीच्या पुस्तिकांना शास्त्रीय आधार दिला. १९३५ साली कंपनीने मुलांसाठी डायनासोरच्या तिकिटांचा अल्बम काढला. अल्बम आणि तिकिटे फुकट, पण तिकिटे मिळत ती पेट्रोल पंपावर, हप्त्याहप्त्याने. सात वर्षांचे मूल गाडी चालवत नाही. ते मागच्या सीटवरून बापाला सांगते, की पेट्रोल इथेच भरायचे.

माझ्या हिशेबी डोक्याला यात एक फरक दिसतो. त्या अल्बमात नशिबाचा खेळ नव्हता. ठरलेल्या वेळी गेले की ठरलेले तिकीट मिळे आणि अल्बम पूर्ण होई. अल्बमातली माहितीही त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे नीट होती, कारण मागे ब्राऊनसारखा माणूस होता. आणि जे खपवायचे होते ते मुलाच्या पोटात जाणार नव्हते. पुढच्या नव्वद वर्षांत या तिन्ही गोष्टी एकेक करून गेल्या. पुडीवर डिमेट्रोडॉनला डायनासोर म्हणणाऱ्यांनी कोणा जाणकाराला विचारले असेल असे वाटत नाही.

*

जाहिरातवाल्यांना डायनासोर सोयीचा का, याचे आणखी एक कारण आहे आणि ते अगदी व्यावहारिक आहे. मिकी माऊस वापरायचा तर मालकाला पैसे मोजावे लागतात. सहा-सात कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या प्राण्याला मालक नाही. ज्याला हवा त्याने चित्र काढावे आणि डब्यावर चिकटवावे.

यावरही एकाने तोड काढली. मायकेल क्रायटनची ‘ज्युरासिक पार्क’ ही कादंबरी १९९० साली निघाली. तिच्या मुखपृष्ठासाठी चिप किड या चित्रकाराने न्यूयॉर्कच्या त्याच म्युझियममधला टायरानोसॉरस पाहिला, आणि तिथल्या सांगाड्याच्या चित्रावरून एक काळी आकृती तयार केली. स्पीलबर्गच्या चित्रपटासाठी ती आकृती घेतली गेली, आणि त्यानंतर ती जगात कशाकशावर छापली गेली याची मोजदाद नाही. सांगाडा सर्वांचा, सावली कंपनीची. जून १९९३ मध्ये चित्रपट आला तेव्हा शंभराच्या आसपास कंपन्यांशी करार झालेले होते आणि हजारभर वस्तू दुकानांत होत्या. खुद्द चित्रपटातच उद्यानाच्या दुकानातल्या मांडण्या दिसतात, त्यांवर तेच चिन्ह असलेल्या वस्तू रचलेल्या. ती थट्टा होती की जाहिरात, हे मला अनेकदा पाहूनही ठरवता आलेले नाही. दोन तासांच्या चित्रपटात डायनासोर पडद्यावर दिसतात ते जेमतेम पंधरा मिनिटे; बाकीचा वेळ त्यांनी बाजारात काढला म्हणायचा.

त्या उन्हाळ्यात मॅकडोनाल्ड्सने अमेरिकेत चित्रपटाची चित्रे असलेले प्लास्टिकचे पेले काढले आणि मोठ्या मापाच्या बटाट्याच्या काड्यांना व शीतपेयाला नाव दिले ‘डायनो-साइज’. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा शब्द सर्वांत विचार करण्यासारखा आहे. तो कुठून आला हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

कोका-कोलाची जुनी काचेची बाटली साडेसहा औंसांची, म्हणजे १९२ मिलिलिटरची होती. अमेरिकेत ती कित्येक दशके एका माणसाला पुरत होती. १९५५ साली मोठ्या बाटल्या आल्या. माप वाढवण्याचे खरे शास्त्र मात्र सिनेमागृहांत जन्मले. डेव्हिड वॉलरस्टीन नावाचा गृहस्थ शिकागोकडच्या एका चित्रपटगृहांच्या साखळीत काम करत असे. त्याच्या लक्षात आले, की लोक मक्याच्या लाह्यांची दुसरी पुडी घेत नाहीत. भूक असते, पण दुसऱ्यांदा रांगेत उभे राहणे म्हणजे आपण हावरे दिसू, असे वाटते. त्याने एकच पुडी मोठी केली, आणि खप वाढला; सोबतच्या शीतपेयाचाही. पुढे तो मॅकडोनाल्ड्सच्या संचालक मंडळावर गेला. तिथे रे क्रॉकला त्याने हेच पटवायचा प्रयत्न केला. क्रॉकचे म्हणणे, कुणाला जास्त हवे असेल तर तो दोन घेईल. वॉलरस्टीन म्हणे, नाही घेणार. शेवटी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोठी पुडी आली, आणि वॉलरस्टीनचे खरे ठरले.

शीतपेयाच्या बाबतीत मोठे माप आणखीच फायद्याचे. यंत्रातून पेल्यात पडते ते साधारण पाच भाग वायुमिश्रित पाणी आणि एक भाग पाक. दुकानदाराचा खर्च जागेवर, नोकरांवर, पेल्यावर आणि जाहिरातीवर होतो. आतल्या द्रवावर फारसा नाही. १९८४ पर्यंत अमेरिकेतल्या दोन्ही बड्या कोला कंपन्या साखर सोडून मक्यापासून केलेल्या स्वस्त पाकावर गेल्या होत्या, त्यामुळे दुप्पट ओतले तरी दुकानदाराला काही पैशांचाच फरक. सेव्हन-इलेव्हनच्या दुकानांत १९८० साली ३२ औंसांचा पेला आला, आणि त्याच दशकाच्या शेवटी ६४ औंसांचा, जवळपास १.९ लिटर. जुन्या बाटलीच्या दसपट.

आता ‘डायनो-साइज’कडे पुन्हा पाहू. वॉलरस्टीनला अडचण होती ती लाजेची. मोठ्या माणसाला मोठा पेला घेताना कुठेतरी संकोच वाटतो. मुलाला डायनासोरबद्दल जे सगळ्यात जास्त भावते ते त्याचे आकारमान. किती लांब, किती टन, आपल्या बिल्डिंगपेक्षा उंच का, हे त्याचे पहिले प्रश्न असतात. त्या एका शब्दाने मुलाचे कुतूहल उचलले आणि पेल्याच्या मापावर चिकटवले. मोठा पेला मागणे ही हाव राहिली नाही, तो डायनासोरबद्दलचा आदर झाला. पुढे नुसते ‘सुपर साइज’ उरले, आणि टीका वाढल्यावर २००४ साली तेही कंपनीने बंद केले. पण डायनासोरला माप म्हणून वापरता येते, हे एकदा सिद्ध झाले होते.

मुलाला यातले किती कळते? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने २००४ साली उपलब्ध संशोधन तपासून म्हटले, की आठ वर्षांखालच्या मुलांना जाहिरातीमागे आपल्याला पटवण्याचा हेतू आहे हेच नीट उमजत नाही. म्हणून त्यांना उद्देशून केलेल्या जाहिरातींवर बंधन असावे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००७ साली तीन ते पाच वर्षांच्या ६३ मुलांना एकच पदार्थ दोन वेष्टनांत दिला, एक साधे आणि एक मॅकडोनाल्ड्सचे. बहुसंख्य मुलांना दुसऱ्या वेष्टनातले जास्त चविष्ट लागले. गाजर आणि दूधसुद्धा. २०१० साली येल विद्यापीठाच्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या ४० मुलांवर कार्टूनमधल्या पात्रांचा प्रयोग केला, तेव्हाही चित्र असलेल्या पुडीतला खाऊ अधिक रुचकर ठरला. मात्र गाजरांवर त्याचा परिणाम तितका दिसला नाही. थोडक्यात, चित्र गोडाला आणखी गोड करते.

हे सारे नवे ज्ञान आहे असेही नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७८ सालीच लहान मुलांसाठीच्या दूरचित्रवाणी जाहिरातींवर, विशेषतः गोड पदार्थांच्या, बंदी आणण्याचा प्रस्ताव मांडला होता. मुख्य काळजी तेव्हा दातांची होती. उद्योग उसळले, एका मोठ्या वृत्तपत्राने आयोगाला देशाची दाई म्हणून हिणवले, १९८० साली संसदेने आयोगाचे पंखच कापले आणि १९८१ साली प्रस्ताव गुंडाळला गेला. ‘डायनो-साइज’ त्यानंतर बारा वर्षांनी आला.

*

आपल्याकडे १९९३ हे वर्ष वेगळ्या कारणाने लक्षात आहे. १९७७ साली देश सोडून गेलेली कोका-कोला त्या वर्षी ऑक्टोबरात आग्र्याहून परत आली, आणि लगेच तिने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही देशी पेये विकत घेतली. ‘ज्युरासिक पार्क’ हिंदीत बोलू लागला तो १९९४ साली. पेय आणि प्राणी असे मागेपुढेच आपल्या दारात आले.

माझ्या पिढीने त्याआधीचे जग पाहिले आहे. आम्ही बाटल्यांचे बिल्ले जमवायचो. एका नारिंगी पेयाच्या बिल्ल्याच्या आत ‘जंगल बुक’मधली चित्रे असत, रबरी चकती नखाने उचकटायची आणि कोण निघाले ते पाहायचे. पण ते पेय विकत घेऊन पिणे वर्षातून दोन-चारदाच व्हायचे. बिल्ले यायचे ते लग्नाच्या हॉलमागून आणि पानवाल्याच्या टपरीखालून, लोकांनी पिऊन टाकलेले. संचाची हाव आम्हालाही तेवढीच होती, साखर मात्र दुसऱ्यांच्या पोटात जायची! घरी असायचे ते रसना. पाच रुपयांत बत्तीस ग्लास. त्याची जाहिरातही मुलांसाठीच होती, पण त्यात एक गोष्ट होती जिचे महत्त्व मला आत्ता कळते. साखर घरची घालावी लागे. पातेल्यात साखरेचा ढीग पडताना आई पाहत असे, रेशनच्या दिवसांत तर जरा जास्तच लक्ष देऊन, आणि ‘पुरे, एवढं गोड नको’ असे म्हणण्याची जागा तिला होती. सीलबंद पेटीत ती जागाच राहिली नाही.

अमेरिकेसारखे दीड-दोन लिटरचे पेले आपल्याकडे चालले नाहीत. इथे उलटे झाले. २००३ च्या सुमारास २०० मिलिलिटरची बाटली पाच रुपयांत आली, आमिर खानच्या जाहिरातींसकट. माप लहान केले ते मुलाच्या खिशाच्या मापाने. आजची १६० मिलिलिटरची पेटी त्याच वाटेवरची आहे. पेला मोठा करायची गरज उरत नाही. पुडीतला बारावा डायनासोर ते काम करतो.

कायदा यात काय करतो? चिलीने २०१६ पासून जास्त साखर-मीठ-चरबीच्या पदार्थांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले, आणि शिक्का असलेल्या वेष्टनावर मुलांना भुलवणारी चित्रे व सोबतची खेळणी यांना मनाई केली. न्याहारीच्या डब्यांवरचे वाघ-ससे गेले. मेक्सिकोनेही पुढे वेष्टनांवरच्या पात्रांना अशीच बंदी केली. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे, की चिप्स, वायुमिश्रित पेये व तत्सम पदार्थांची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात किंवा मुलांच्या वाहिनीवर करू नये. भेटवस्तूंचे आमिष दाखवून मुलांना गरज नसलेली खरेदी करायला लावणाऱ्या जाहिरातींना उत्तेजन देऊ नये, असेही त्यात आहे. ‘उत्तेजन देऊ नये’ ही भाषा सरकारी कागद वाचणाऱ्यांना परिचयाची आहे. आणि ही सगळी तत्त्वे जाहिरातीबद्दल. दुकानात मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लटकणारी पुडी ही स्वतःच जाहिरात असते, याकडे आपल्याकडे अजून कुणी बघत नाही.

कराची तऱ्हा त्याहून गमतीची. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून पेयांवर जो आकार लावला, तो साखरेच्या ग्रॅमवर: १०० मिलिलिटरला पाच ग्रॅमच्या खाली काही नाही, पाच ते आठपर्यंत सुरुवातीला लिटरमागे १८ पेन्स, आठच्या वर २४. कंपन्यांनी कर भरण्यापेक्षा साखर कमी करणे पसंत केले, आणि आकाराच्या कक्षेतल्या पेयांतली सरासरी साखर ४० टक्क्यांहून जास्त उतरली. आपल्याकडे कर बुडबुडे पाहतो. वायुमिश्रित पेयावर ४० टक्के, मग त्यात साखर असो वा कृत्रिम गोडी. आणि बुडबुडे नसलेल्या, फळाचा गर घातलेल्या पेयावर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. त्या आंब्याच्या पेटीत बुडबुडे नाहीत. कराच्या दृष्टीने ती पुतणीने डब्यात दिलेल्या फळाच्या जवळची ठरते.

*

हे सगळे मी पुतणीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “काका, ते बरोबर. पण मी त्याला काय देऊ? नुसतं नाही म्हणून तो थांबत नाही.” हा प्रश्न माझ्या कागदांत नव्हता. म्हणून मी नातवाला पिसदुऱ्याची गोष्ट सांगितली.

पिसदुरा हे चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडचे गाव. तिथल्या शेतांत पाऊस पडून गेला की मातीतून दगडी गोळे वर येतात. एकोणिसाव्या शतकापासून भूशास्त्रज्ञांना ही जागा माहीत आहे, आणि ते गोळे म्हणजे दगड झालेली विष्ठा, हेही चार्ल्स मॅटलीने १९३९ साली सविस्तर लिहून ठेवले. खरा धक्का २००५ साली बसला. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियान आणि अशोक साहनी यांनी त्या शेणात सूक्ष्मदर्शकाखाली वनस्पतींचे वाळूसारखे सूक्ष्म खडे शोधले. गवताच्या पेशींत सिलिकेचे असे खडे तयार होतात आणि त्यांच्या आकारावरून गवत ओळखता येते. खडे निघाले, आणि ते निदान पाच प्रकारच्या गवतांचे होते. शेण साडेसहा कोटी वर्षांहून जुने, लांब मानेच्या टायटनोसॉरांचे असावे. तोवर बहुतेकांची समजूत होती की गवत डायनासोर गेल्यानंतर फोफावले. जगभरच्या संग्रहालयांतल्या चित्रांत डायनासोरच्या पायाखाली गवत काढायचे नाही असा संकेत होता. तो वरोऱ्याच्या शेणाने मोडला. गवत हे त्यांचे मुख्य अन्न नव्हते, इतर झाडपाल्यातले थोडेसे होते, पण होते.

ऊस हे गवत आहे. मकाही गवतच. म्हणजे पेटीतली साखर आणि अमेरिकन पेल्यातला पाक, दोन्ही त्याच कुळातले. डायनासोर पानासकट, चोथ्यासकट खात असत, एवढाच फरक.

नातवाला अर्थातच ऊस आणि मका यांत रस नव्हता. त्याने तीनदा विचारले, “खरंच शी? दगडाची?” मग माझ्याजवळचे फोटो पाहिले. मग विचारले, की ते शास्त्रज्ञ हात धुतात का. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता, असे पुतणी म्हणते. पेट्या बंद झाल्या असे मी म्हणणार नाही. त्या कमी झाल्या, एवढे तिने सांगितले. टायरानोसॉरस अजून निघालेला नाही. मी त्याला सांगितले, की तो आपल्या देशात नव्हताच. आपल्याकडे होता राजासॉरस, नर्मदेच्या खोऱ्यात, कपाळावर एक बुटके शिंग असलेला. २००३ साली त्याला ते नाव मिळाले. नाव ऐकून त्याने तिथल्या तिथे ठरवले, की यंदा महाराजांच्या किल्ल्यावर पहाऱ्याला राजासॉरसच, आणि तोही मातीचा, हाताने केलेला. शेजारी दगडी शेणही ठेवायचे.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. आवाजात काळजी होती.

“आजोबा, राजासॉरस मांस खायचा ना?”

“हो.”

“मग त्याच्या शेजारी गवतवालं शेण कसं चालेल?”

मी गप्प झालो. हे माझ्या लक्षातच आले नव्हते. पलीकडे थोडा वेळ विचार चालला असावा. मग तो म्हणाला, “लांब मानेचा अजून एक करावा लागेल. बाबांना सांगून माती दोन पोती आणवतो.”